नदी धरून जावं

भारतातून आई-बाबा येणार असं ठरलं, की फिनिक्समधल्या मराठी घरात विमानाच्या तिकिटांपाठोपाठ दुसरा विषय निघतो तो ग्रँड कॅन्यनचा. नकाशा उघडला जातो आणि यादी वाढू लागते. सेडोना, ग्रँड कॅन्यन, अँटिलोप कॅन्यन, मॉन्युमेंट व्हॅली, ब्राइस, झायन, लास वेगास, हूवर धरण. सगळं चार-पाच दिवसांत बसवायचं असतं. पहाटे निघायचं, कठड्यापाशी फोटो काढायचे, पुन्हा गाडीत बसायचं. आपल्या माणसांना सगळं दाखवावं, यामागची माया मला समजते. पण ही घाई मला बघवत नाही. हा प्रदेश घाईत दिसत नाही, आणि उन्हाळ्यात इथली घाई जिवावरही बेतते.

यंदाच्या आखणीला दिशा मिळाली ती बाबांच्या एका प्रश्नामुळे. त्यांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. साताऱ्याहून फोनवर त्यांनी विचारलं, "एवढ्या वाळवंटात एवढाली शहरं वसवलीत, मग पाणी कुठून आणतात?"

"बरंचसं कोलोरॅडो नदीचं, बाबा."

"मग तिच्याच काठाने ने आम्हाला."

त्या रात्री नकाशावर मी आधी नदी शोधली. एरवी सुटी सुटी वाटणारी ठिकाणं तिला धरून ओळीने उभी राहिली. झायनची दरी कोरणारी व्हर्जिन नदी पुढे हूवर धरणामागच्या लेक मीडला मिळते. ब्राइसच्या लाल सुळक्यांवरून ओघळणारं पाणी पारिया नदीतून कोलोरॅडोतच जातं. लास वेगासच्या नळाला तीच, फिनिक्सच्या कालव्यात तीच.

पहिला थांबा म्हणून मी आमच्याच गावातला कालवा लिहिला. कोलोरॅडोवरच्याच लेक हवासूपासून फिनिक्स आणि टूसॉनकडे जाणारा हा कालवा सुमारे ५४० किलोमीटर लांब आहे, आणि त्या वाटेवर पाणी टप्प्याटप्प्याने ८८० मीटरच्या आसपास उपसलं जातं. एवढा उपसा ऐकून बाबा फोनवर काही क्षण गप्पच झाले. त्याही आधी, शेकडो वर्षं, होहोकम लोकांनी इथे सॉल्ट नदीचं पाणी हाताने खणलेल्या पाटांनी शेतात खेळवलं होतं. आजचे काही कालवे त्यांच्याच जुन्या रेषांवरून जातात. पाहुण्यांना हे कुणी दाखवत नाही. मला वाटतं, सुरुवात इथूनच व्हावी.

महिना ऑक्टोबरचा धरला, कारण तेव्हा इथल्या पुष्कळ शाळांना आठवड्याची सुट्टी असते. उन्हाळ्याचा विचारसुद्धा केला नाही. २०२३ मध्ये फिनिक्सचा पारा सलग ३१ दिवस ४३ अंशांच्या वर गेला होता. अशा दिवसांत सत्तरीतल्या माणसांना दरीच्या वाटेवर नेणं मला पटत नाही. पण ऑक्टोबरचीही आपली गंमत असते. फिनिक्स समुद्रसपाटीपासून ३३० मीटरवर आणि फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर. अडीच तासांच्या चढणीत काटेरी सग्वारो निवडुंग मागे पडतात आणि पाँडेरोसा पाइनचं रान सुरू होतं. सकाळी सुती कपड्यांत निघालेल्यांना रात्री कानटोपी लागते. म्हणून आईला सांगून ठेवलंय, "शाल आणि स्वेटर मोठ्या बॅगेत नको टाकूस, हाताशी ठेव." तिने उलट विचारलं, "आणि दशम्या किती करू?" भरपूर कर म्हटलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा. पेट्रोल पंप आणि खाणावळी या रस्त्यावर एकमेकांपासून फार लांब आहेत.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर दोन रात्री राहायचं, हे मी सर्वांत आधी पक्कं केलं. भर दुपारी उभं ऊन सगळे रंग पुसून टाकतं. पहाटे आणि सूर्य कलल्यावर सावल्या लांबतात, तेव्हाच थरामागून थर उमटतात आणि दरीची खोली कळते. त्या दोन वेळा काठावर मिळायच्या तर मुक्काम तिथेच हवा.

खाली उतरायचा हट्ट कुणी धरणार नाही, हेही ठरलंय. सह्याद्रीतल्या गडावर आपण ताज्या दमाने चढतो आणि थकल्यावर उतरतो. इथे बरोबर उलटं. उतरताना पाय मजेत पडतात, जसजसं खाली जावं तसा उष्मा वाढतो, आणि खरी चढण येते ती दमल्यावर. चांगले तरणे, धडधाकट लोक दरवर्षी इथे संकटात सापडतात ते या उलट्या हिशेबामुळे.

काठावरचीच एक वाट मात्र मी सगळ्यांसाठी राखून ठेवली आहे. याव्हापाय संग्रहालयापासून ट्रेल ऑफ टाइम सुरू होते. सपाट, फरसबंद वाट. दर मीटरला धातूची खूण, आणि एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. वाटेच्या कडेला दरीतल्याच खडकांचे तुकडे आपापल्या वयाच्या जागी मांडलेत. त्यांवर हात ठेवता येतो. नदीने ही दरी कोरायला घेतली त्याला पन्नास-साठ लाख वर्षं झाली, म्हणजे या वाटेवर जेमतेम पाच-सहा पावलं. ६६ पावलांवर आमची लेक आजोबांना थांबवणार आहे. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हाने घडला, तो वाहत होता तो काळ इथे येतो. अजिंक्यतारा, कास, कोयनेचं खोरं, बाबांनी आयुष्यभर ज्यावर पाय रोवले ते सगळं एवढ्या अंतरात. आणि दरीचा अगदी वरचा थर, ज्यावर आपण उभे असतो तो कैबाब चुनखडक, २७० पावलांवर. तळाच्या खडकापर्यंत जायचं तर पावणेदोन किलोमीटरच्या पुढे चालावं लागतं. सह्याद्रीला आपण आदिम म्हणतो. इथे तो परवाचा ठरतो, आणि तरी त्याच्याबद्दलची माया तसूभर कमी होत नाही.

त्या तळाच्या खडकांना भूवैज्ञानिकांनी विष्णूचं नाव दिलंय. १८८० च्या दशकात क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने दरीतल्या शिखरांना विष्णू टेम्पल, शिव टेम्पल अशी नावं दिली. ती ऐकून आई नक्की हात जोडेल. मला मात्र तिला हेही सांगायचंय, की हवासुपाई, होपी, नवाहो या इथल्या मूळ रहिवाशांसाठी ही दरी कुणी नावं देण्याच्या फार आधीपासून पवित्र होती.

पुढे पेज नावाचं गाव. इथे घड्याळ सांभाळावं लागतं. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण त्याच राज्यातला नवाहो प्रदेश करतो. त्यामुळे ऑक्टोबरात वाटेत फोनमधली वेळ तासभर पुढे उडी मारते आणि पेजमध्ये परत मागे येते. अँटिलोप कॅन्यन नवाहोंच्या जमिनीवर आहे, तिथे त्यांच्या वाटाड्याशिवाय जाता येत नाही, आणि हा नियम मला फार योग्य वाटतो. ऑगस्ट १९९७ मध्ये दूर कुठेतरी पाऊस कोसळला आणि त्या चिंचोळ्या घळीत अचानक लोंढा घुसला. ११ जण गेले. ज्या लाटांसारख्या गुळगुळीत भिंतींचे फोटो आपण काढतो, त्या अशाच लोंढ्यांनी घासल्या आहेत. आभाळ भरलं असेल आणि वाटाड्याने नाही म्हटलं, तर तिकिटाचे पैसे विसरून मागे फिरायचं, हे मी लेकीला आत्ताच सांगून ठेवलंय.

झायनला एक दिवस, ब्राइसला एक पहाट. मॉन्युमेंट व्हॅली यादीतून काढली. ती नदीच्या वाटेवर नाही आणि तिला स्वतंत्र सवड द्यायला हवी.

लास वेगास आईसाठी. तिला ते दिवे पाहायचेत आणि मला तिचा चेहरा. बाबांना तिथली वेगळीच गोष्ट दाखवायची आहे. त्या झगमगाटातल्या हॉटेलांच्या न्हाणीघरांतलं आणि मोऱ्यांमधलं पाणी शुद्ध होऊन पुन्हा लेक मीडमध्ये जातं. शोभेपुरती राखलेली हिरवळ काढून टाकायचा कायदा नेवाडाने २०२१ मध्ये केला. मग हूवर धरण. कोयनेची भिंत १०३ मीटरची, ही २२१ मीटरची. पण बाबा उंचीपेक्षा जास्त वेळ बघतील तो मागच्या कातळावरचा पांढरा पट्टा. पाणी पूर्वी कुठवर होतं ते त्यावरून कळतं. १९२२ मध्ये सात राज्यांनी ही नदी कागदावर वाटून घेतली, तीही नेमक्या भरपूर पावसाच्या वर्षांचा हिशेब धरून. तिच्या काठच्या मूळ रहिवाशांना त्या बैठकीत बोलावलंच नव्हतं. आज बहुतेक वर्षं ही नदी समुद्रापर्यंत पोचत नाही. एवढी दरी कोरणारी नदी मेक्सिकोत वाळूत संपते, याचं मला आतून वाईट वाटतं, आणि ते मुलांसमोर बोलायला हवं असंही वाटतं.

तुमच्याकडेही आई-बाबा येणार असतील आणि नकाशा उघडला असेल, तर एवढं करा. जून-जुलै-ऑगस्ट टाळा. काठावरच्या दोन रात्री आधी पक्क्या करा, त्या खोल्या कित्येक महिने आधी भरतात. गाडीत माणशी रोजचं चार लिटर पाणी ठेवा. आणि यादीतली निदान दोन ठिकाणं आजच खोडून टाका.