फिरकीचा तांब्या

लेकीच्या ॲडलेडच्या घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय. इथून पर्थ सुमारे 2,700 किलोमीटर, सगळं आपल्याच गाडीनं. मधे नलारबरचा माळ, झाड नसलेला म्हणूनच हे लॅटिन नाव. बॅलाडोनिया आणि कायगुना यांच्या दरम्यान 146.6 किलोमीटर रस्ता एकदाही वळत नाही. जावई पेट्रोलपंपांवर खुणा करताहेत. लेकीची यादी चाललीये: जादा टायर, अंधाराआधी मुक्काम, कारण सांजेला कांगारू रस्त्यावर येतात, फळं आणि मध राज्याच्या हद्दीच्या अलीकडेच संपवायचे, पलीकडे नेऊ देत नाहीत.

"आणि पाणी गं?"

"वीस लिटरचे दोन कॅन, आई."

मी पिशवीतून तांब्या काढून नकाशावर ठेवला. पितळी, फिरकीचा, पोटाशी पोचा आलेला.

तो पोचा 1972 च्या दुष्काळातला. माणगंगेच्या कोरड्या पात्रात आई वाळू उपसून झिरा काढायची. ओल लागली की हात सावकाश चालायचे. पहिलं गढूळ पाणी ती फेकून द्यायची, मग पाझर धरेपर्यंत वाट बघायची आणि वाटीवाटीनं भरायची. मी सहा वर्षांची. तांब्या धरणं माझं काम. एकदा भरलेला तांब्या निसटून दगडावर आपटला. फिरकी घट्ट होती, थेंब सांडला नाही. आईनं तांब्या उचलून पोटाशी धरला आणि तशीच बसून राहिली. मला रागावली नाही.

पुढे तो एसटीत, वसतिगृहात, बाळंतपणात दवाखान्यात माझ्याबरोबर होता.

नलारबरवरून जाणाऱ्या महामार्गाला एडवर्ड जॉन एअर या शोधप्रवाशाचं नाव आहे. 1841 मध्ये तो या माळाच्या किनाऱ्यानं पश्चिमेला गेला. पाण्यावाचून जीव जायची वेळ आली, तेव्हा वाळूच्या टेकड्यांत कुठे खणायचं ते तिथल्या मूळ रहिवाशांनी त्याला दाखवलं. वायली हा पश्चिमेकडच्या किंग जॉर्ज साउंडचा मूळ रहिवासी तरुण अखेरपर्यंत त्याच्यासोबत चालला. हे वाचलं आणि मला आईची वाळूनं भरलेली नखं दिसली. रस्त्याला पाणी दाखवणाऱ्यांचं नाव हवं होतं, असं मला फार वाटतं.

लेकीनं तांब्या हातात घेतला. झाकण बसेना.

"आधी अर्धा फेरा उलटा फिरव," मी म्हटलं, "आटे जुळले की कळतं. मग आवळ."