शाळेत दंड, मैदानात टाळ्या : तैवानच्या गाण्याच्या मेळ्यांना जाणाऱ्यांसाठी

तैपेई शहराच्या मेट्रोत बसले की पहिला धडा कानांना मिळतो. पुढच्या स्टेशनचे नाव एकदा नव्हे, चार वेळा पुकारले जाते. आधी मँडरिन म्हणजे सरकारी चिनी भाषेत, मग इंग्रजीत, मग होक्लो बोलीत, जिला तिथले लोक 'तैवानी' म्हणतात, आणि शेवटी हक्का बोलीत. घाईतल्या माणसाला वाटेल, एकच नाव इतक्यांदा कशाला? पण या पुकाराच्या मागे चाळीस वर्षांची मुस्कटदाबी आहे. बस-रेल्वेतल्या सूचना लोकांच्या बोलींतही द्याव्यात, असा कायदा तिथे २००० साली झाला. तोपर्यंत काय होते, हे जाणून घेतल्याशिवाय तैवानची आजची गाणी समजणार नाहीत.

वाचक बंधू-भगिनींनो, तुम्ही म्हणाल, कुठे तैवान आणि कुठे आपण! पण आता ते बेट तितके लांब राहिलेले नाही. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी भारत आणि तैवान यांच्यात भारतीय कामगारांना तिकडे काम देण्याबाबत सामंजस्य करार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तैवानचे कार्यालय मुंबईत सुरू झाले. आपली मुले-मुली तिकडे शिकायला जातात, उद्या कामालाही जातील. सुटीच्या दिवशी नुसते बाजार आणि उंच इमारती पाहून परत येऊ नये, त्या माणसांची गाणीही ऐकावीत, यासाठी हा लेखप्रपंच.

तैवान हे सव्वादोन-अडीच कोटी वस्तीचे बेट. आकाराने महाराष्ट्राच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढे. बहुसंख्य लोकांच्या वाडवडिलांची बोली होक्लो, त्याखालोखाल हक्का, आणि मूळ रहिवासी असलेल्या आदिवासींच्या तर कितीतरी भाषा. सरकारने मान्यता दिलेल्या आदिवासी जमातीच १६ आहेत. चीनमधल्या यादवी युद्धात हरलेले सरकार १९४९ साली या बेटावर आले आणि त्याच वर्षी लष्करी कायदा लागू झाला. तो उठला १९८७ साली. मधल्या काळात शाळेत मँडरिनखेरीज दुसरी बोली तोंडातून निघाली की मुलाला दंड होई, नाहीतर गळ्यात पाटी अडकवून उभे केले जाई. रेडिओ-टीव्हीवर बोलीभाषांतल्या कार्यक्रमांना कात्री लागली. आईशी ज्या भाषेत बोलायचे, तिचीच लाज वाटावी, अशी ही व्यवस्था होती. पोराने घरी येऊन आजीला "तू असे बोलू नकोस" म्हणावे, याहून मोठे नुकसान कोणते?

लष्करी कायदा उठला आणि दाबलेले तोंड उघडले. २८ डिसेंबर १९८८ रोजी हक्का समाजाने "आमची मातृभाषा आम्हाला परत द्या" म्हणत तैपेईत मोर्चा काढला. पुढच्याच वर्षी 'ब्लॅकलिस्ट स्टुडिओ' या मंडळींनी होक्लो बोलीत राजकीय टोमण्यांची गाणी काढली. मोठ्या कंपन्यांची गुळगुळीत प्रेमगीते बाजूला ठेवून आपले शब्द, आपली चाल, आपला पैसा अशी ही नवी रीत होती. यालाच 'इंडी' म्हणतात. इंडिपेंडंट या शब्दाचे ते लाडके रूप, म्हणजे स्वतंत्र. कंपनीने निवडले नाही म्हणून गप्प बसायचे नाही, हा त्याचा साधा अर्थ.

या गाण्यांना मोठे मंच मिळाले ते मेळ्यांतून. १९९५ साली बेटाच्या अगदी दक्षिण टोकाला केंटिंग येथे दोन अमेरिकन तरुणांनी 'स्प्रिंग स्क्रीम' नावाचा मेळा सुरू केला. त्यानंतर ठिकठिकाणी मेळे उभे राहिले. प्रवाशाने निदान तीन ठिकाणे पाहावीत, असे सुचवावेसे वाटते.

पहिले ठिकाण : फुलोंगचा किनारा

तैपेईहून रेल्वेने तास-दीड तासात फुलोंग येते. स्टेशनवर उतरलात की आधी डब्याचा वास येतो. भातावर मांस, अंडे, कोबी असा हा 'फुलोंगचा डबा' साऱ्या बेटावर प्रसिद्ध आहे. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर वाळूचा किनारा, आणि त्याच वाळूत २००० सालापासून 'हो-हाय-यान' हा मेळा भरत आला आहे. हे नाव म्हणजे आदिवासींच्या गाण्यात येणारा एक बोल. मेळा साधारण उन्हाळ्यात भरतो आणि प्रवेश फुकट ठेवण्याची त्याची रीत आहे. त्यामुळे कॉलेजची पोरे, कामगार, कडेवर मूल घेतलेल्या बाया असा सगळा समाज तिथे दिसतो. नव्या बँडची स्पर्धाही इथे होते. 'सोडाग्रीन' हा पुढे फार गाजलेला बँड २००४ साली इथेच एका निर्मात्याच्या नजरेस पडला.

मात्र किनाऱ्यावर उभे राहून जवळच्या अणुवीज केंद्राकडेही नजर टाकावी. हा गोंग्ल्याव भाग. इथल्या कोळी-शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे या चौथ्या अणुकेंद्राला विरोध केला. बांधकाम १९९९ साली सुरू झाले, २०१४ साली थांबले, आणि ते पुन्हा सुरू करावे काय, या प्रश्नाला लोकांनी डिसेंबर २०२१ च्या सार्वमतात नकार दिला.

आणि त्या आदिवासी बोलावरून एक हकिगत सांगितलीच पाहिजे. दिफांग हे आमिस जमातीचे शेतकरी गायक. त्यांचे चिनी नाव को यिंग-नान. १९८८ साली ते पत्नीसह युरोपात गायला गेले असता त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. पुढे 'एनिग्मा' या जर्मन मंडळींच्या 'रिटर्न टू इनोसन्स' या गाण्यात त्यांचाच आवाज वापरला गेला, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रचारात तो जगभर वाजला. पण गायकाचे नाव कुठेच नाही! म्हाताऱ्या दांपत्याने १९९८ साली अमेरिकेतल्या कोर्टात दावा लावला आणि १९९९ साली तडजोड होऊन त्यांना श्रेय मिळाले. दिफांग २००२ साली वारले. आवाज सर्वांना हवा असतो, आवाजाचा धनी मात्र नको असतो. मंचावर आपल्या नावाने उभे राहण्याला एवढी किंमत का, ते यावरून कळते.

दुसरे ठिकाण : काओशुंगची गोदी

काओशुंग हे दक्षिणेचे मोठे बंदर, कष्टकऱ्यांचे शहर. तैपेईहून वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आत त्सोयिंग स्टेशन येते. तिथून मेट्रो बदलून यानचेंगपू स्टेशनला उतरावे. जवळच गोदीतली जुनी गोदामे आहेत, आता तिथे चित्रे, शिल्पे आणि नाटके असतात. याच परिसरात 'मेगापोर्ट' हा मेळा भरतो. चिनी नावाचा अर्थ 'मोठ्या बंदरात गाणे'. सुरुवात २००६ सालची, मोसम साधारण मार्च महिना. काही वर्षे तो भरलाही नाही, तेव्हा तारखेची खात्री करूनच निघावे. तिकिटे हातोहात संपतात.

'फायर ईएक्स' हा बँड याच शहरातला. मार्च २०१४ मध्ये चीनशी होणाऱ्या व्यापार कराराविरुद्ध विद्यार्थ्यांनी विधिमंडळाचे सभागृह तीन आठवड्यांहून अधिक काळ ताब्यात घेतले, तेव्हा त्यांच्यासाठी या बँडने गाणे रचले. तेही होक्लो बोलीत, म्हणजे जिच्यासाठी आई-बापांना शाळेत दंड झाला होता त्याच बोलीत. २०१५ साली तैवानच्या सर्वांत मानाच्या 'गोल्डन मेलडी' सोहळ्यात वर्षातले उत्तम गाणे म्हणून त्याचीच निवड झाली. 'थॉनिक' या कर्कश बँडचे गायक फ्रेडी लिम तर २०१६ साली निवडून येऊन विधिमंडळात बसले. गाणारा माणूस फक्त करमणूक करतो, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तिसरे ठिकाण : मेइनोंग गाव

काओशुंगहून बसने तासा-दीड तासात मेइनोंग येते. हे हक्का लोकांचे गाव, एकेकाळी तंबाखूच्या शेतीसाठी प्रसिद्ध. तेलकागदाच्या छत्र्या आणि तांदळाच्या रुंद शेवया ही इथली खूण. इथे मोठा मंडप नाही, रोषणाई नाही. पण इंडी गाणे म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने इथे यायलाच हवे.

१९९२ साली सरकारने या गावाच्या डोंगराशी धरण बांधायचे ठरविले. पाणी हवे होते कारखान्यांना, आणि जीव टांगणीला लागला गावाचा. १९९३ साली गावकरी, त्यांत म्हातारे-म्हाताऱ्याही, थेट तैपेईला विधिमंडळावर गेले. धरणात बुडणाऱ्या खोऱ्यात पिवळी फुलपाखरे येत, म्हणून १९९५ सालापासून गावाने 'पिवळ्या फुलपाखरांचा उत्सव' सुरू केला. उत्सव तो उत्सव आणि लढा तो लढा.

याच लढ्यातून 'च्याओकोंग' हा बँड उभा राहिला. गायक लिन शेंग-श्यांग, गीतकार चुंग युंग-फंग, दोघेही याच गावचे. च्याओकोंग म्हणजे तंबाखूच्या हंगामात शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या शेतात आळीपाळीने राबणे. आपल्याकडे याला इर्जिक किंवा सावड म्हणतात. बँडचे नावच मुळी सावड! तंबाखू वाळवायच्या जुन्या कोठीत त्यांनी ध्वनिमुद्रण केले. गिटारबरोबर सनईच्या जातीचे वाद्य, गोल पोटाचे तंतुवाद्य आणि डोंगरात गायची जुनी हक्का चाल. १९९९ साली धरणाविरुद्धच्या गाण्यांची पहिली तबकडी आली. २००१ साली दुसरी आली. शहरातल्या नोकरीत काही हाती लागत नाही म्हणून गावी परतणाऱ्या आणि शेवंतीची शेती करणाऱ्या तरुणाची ती कथा. दुसऱ्या तबकडीसाठी २००२ साली उत्तम बँडचे 'गोल्डन मेलडी' पारितोषिक मिळाले. २००० साली नव्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या कारकिर्दीत हे धरण होणार नाही असे सांगितले, आणि धरण झाले नाही. गाण्याने धरण अडले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. धरण माणसांनी अडविले. पण माणसे इतकी वर्षे एकत्र टिकली, त्यात गाण्याचा वाटा होता.

बँड २००३ साली मोडला. लिन शेंग-श्यांग मात्र गातच राहिले. २००७ साली 'हक्का भाषेतले उत्तम' अशी पारितोषिके त्यांना जाहीर झाली, तेव्हा मंचावर जाऊन त्यांनी ती नाकारली. त्यांचे म्हणणे असे की गाण्याची वर्गवारी संगीताच्या प्रकाराने करा, भाषेच्या खान्याने नको. मुख्य पंगत एकाची आणि बाकीच्यांना बाजूला वेगळे पान, ही वागणूक त्यांना मान्य नव्हती. मान मिळत असताना तो कोणत्या अटीवर मिळतो, हे विचारायला मोठे धैर्य लागते.

समुद्रापलीकडे

चीनच्या मुख्य भूमीवरही मोठे मेळे भरतात. बीजिंगच्या 'मिडी' संगीत शाळेने २००० साली पहिला मेळा भरविला आणि २००९ पासून 'स्ट्रॉबेरी' मेळे सुरू झाले. पण कामगार वाचकांना त्याहून जवळची वाटेल ती बीजिंगच्या वेशीवरच्या पीत्सुन वस्तीची गोष्ट. खेड्यांतून शहरात राबायला आलेल्या सुन हंग आणि त्यांच्या मित्रांनी १ मे २००२ रोजी कामगारांचे गायनपथक काढले. थकलेली मजुरी, बांधकामावरचे जिणे हे त्यांच्या गाण्यांचे विषय. पहिल्या तबकडीच्या रॉयल्टीतून त्यांनी २००५ साली स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी शाळा उघडली, आणि १ मे २००८ रोजी मजुरांचे संग्रहालय. मजुराचा कामाचा परवाना, हत्यारे, पगाराच्या चिठ्ठ्या तिथे जपून ठेवल्या होत्या. ते संग्रहालय २०२३ साली बंद झाले, त्यामुळे आता तिथे जाऊन ते पाहता येणार नाही. गाण्याच्या पैशातून घर सजवायचे सोडून शाळा काढणारी ही माणसे. त्यांची आठवण ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

भारतीय पासपोर्टवर तैवानला जाताना प्रवेशपरवान्याची चौकशी आधीच करावी. तिथे उतरल्यावर 'इझीकार्ड' घ्यावे, मेट्रो, बस, साधी रेल्वे सगळीकडे ते चालते. मेट्रोत खाणे-पिणे सक्त मना आहे, साधे च्युइंगगमही नाही. दंड होतो, तेव्हा फुलोंगचा डबा रेल्वेत किंवा किनाऱ्यावरच उघडावा. जुलै ते सप्टेंबर हे वादळांचे दिवस, ऐनवेळी कार्यक्रम पुढे जातात. एक दिवस हाताशी राखून ठेवावा आणि रेनकोट बरोबर असू द्यावा. मेळ्याचा मोसम नसेल तर तैपेईतल्या हुआशान भागात जावे. १९१४ सालच्या दारूच्या कारखान्याचे हे आवार आता कलाकेंद्र झाले आहे, आणि तिथल्या 'लेगसी' सभागृहात २००९ पासून बँड वाजत आले आहेत.

आणि शेवटची गोष्ट. गाणे सुरू झाले की शेजारच्याला एवढेच विचारावे, "ही कोणती भाषा?" मँडरिन, होक्लो, हक्का की आमिस? शब्द कळणार नाहीत, तरी विचारावे. ज्या भाषेसाठी त्याच्या आजोबांच्या गळ्यात पाटी अडकविली गेली, तिचे नाव एका परक्या माणसाने आस्थेने विचारले, याचा त्याला आनंद होईल. कदाचित तो बाजूला सरकून बसायला जागाही देईल. मग गाणे संपेपर्यंत तिथेच बसावे.