शिवारातली डीपी

पंचगंगेच्या काठाला, प्रयाग चिखली असो की शिरोळकडचं एखादं गाव, उसाच्या तुऱ्यांवर डोकं काढून डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, दोन खांबांवर बसलेली असते. तेलानं भरलेली राखाडी टाकी, माथ्यावर चिनी मातीच्या तपकिरी टोप्या, अंगावर कवटीचा लाल फलक. वीज असेपर्यंत तिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही.

स्वभावानं ती काटेकोर कारभारीण. तिच्याजवळ शिल्लक काही नसते. आलेलं त्याच क्षणी पुढं द्यायचं. पोटात लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी, एकमेकांना न जोडलेली. एकातून उलटसुलट वाहणारा प्रवाह गाभ्यात बदलतं चुंबकत्व जागवतो आणि त्या बदलानं दुसऱ्यात विजेचा दाब तयार होतो. फॅरडेनं 1831 मध्ये लोखंडी कड्यावर पाहिलं ते हेच.

63 केव्हीएची डीपी घ्या. 11,000 व्होल्टचा दाब ती 433 वर आणते. आत येतात जेमतेम 3.3 अँपिअर, बाहेर पडतात 84. दाब जितके पट उतरला, तितके पट प्रवाह चढला. फुकटचं काही नाही. मग मुळात 11,000 कशाला? तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. प्रवाह पंचवीसपट कमी ठेवला, तर त्याच तारेत वाया जाणारी उष्णता सव्वासहाशेपट घटते.

ती गुणगुणते, कारण गाभ्याचं लोखंड सेकंदाला शंभर वेळा किंचित ताणतं-आखडतं. ती श्वासही घेते. उन्हानं तेल फुगलं की हवा बाहेर, रात्री आकसलं की आत. वाटेवरच्या डबीतले निळे खडे हवेतला ओलावा टिपतात आणि भिजले की गुलाबी होतात.

तिचा खरा वैरी ऑटो स्विच, वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा. पाच एचपीची मोटर चालताना साधारण सात अँपिअर घेते, म्हणजे डझनभर मोटारी तिला सोसतात. पण सुरू होताना हीच मोटर काही क्षण पाच-सहापट ओढते. रात्री थ्री फेज आली की माणसं घरी झोपलेली आणि शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम जाग्या! दाब कोसळतो. पंपावरचं काम तेवढंच असल्यानं कमी दाबावर मोटारी आणखी प्रवाह मागतात. वेटोळी तापतात, त्यांच्यावरचं आवरण करपतं. अशा वेळी फ्यूजनं वितळून मंडल तोडायचं असतं. पण तो सारखा जातो म्हणून कुणीतरी पेटीत त्याच्या जागी जाड तार घातलेली असते. तार टिकते, डीपी जळते.

2019 आणि 2021 च्या महापुरात अशा कितीतरी डीप्या पाण्याखाली गेल्या. पुराला इलाज नव्हता. एरवीचं जळणं मात्र बहुतेक वेळा आपल्याच हातचं.

"वायरमन, नवी डीपी कवा बसवताय? ऊस वाळालाय."

"बसवतो की, मामा. पण पेटीतली ती जाड तार कुणाची, तेवढं आधी सांगा."