पिशवीवर नाव नव्हतं

आमच्या घरात पिठाचा डबा कधी रिकामा झाला नव्हता. होणार तरी कसा? माझा व्यवसायच पोळी-भाजीच्या डब्यांचा. पिंपरीत कॉलेजची मुलं आणि कंपनीत काम करणारे एकटे राहणारे लोक, असे 22 डबे रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरातून बाहेर पडायचे. मिस्टरांची शाळेची व्हॅन होती. सासूबाई, आम्ही दोघं आणि आठवीतली लेक. फार नाही, पण नीट चाललं होतं.

2020च्या मार्चमध्ये आधी शाळा बंद झाल्या आणि व्हॅन घरासमोर उभी राहिली. मग मुलं आपापल्या गावी निघून गेली. 25 मार्चपासून सगळंच बंद झालं. एका आठवड्यात 22 डब्यांचे शून्य डबे झाले. व्हॅनच्या हप्त्याला बँकांनी काही महिन्यांची सवलत दिली, पण घरभाडं थांबलं नाही आणि पोटही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी पिठाच्या डब्याच्या तळाशी वाटी घासली, तेव्हा झालेला आवाज मला अजून आठवतो.

तुम्ही म्हणाल, रेशन होतं की! होतं. सरकारने माणशी 5 किलो मोफत तांदूळ जाहीर केला होता. पण तो अन्न सुरक्षा योजनेत बसणाऱ्या कार्डांवर. आमचं कार्ड केशरी. शहरात त्या योजनेसाठी तेव्हा वर्षाचं उत्पन्न 59 हजारांच्या आत लागायचं. कागदावर आम्ही त्यापेक्षा वर होतो. म्हणजे गरिबांच्या यादीत नाही आणि हातात पैसे नाहीत. आमच्यासारखी कितीतरी घरं त्या दिवसांत अशी मधल्यामध्ये अडकली होती.

त्यातच एक दिवस मिस्टरांना एक फोन आला. त्यांच्या व्हॅनमधून शाळेत जाणाऱ्या एका मुलाची आई. तिने विचारलं, "भाऊ, घरी सगळं ठीक ना?"

हे म्हणाले, "हो, ताई. मजेत."

त्या बाईला त्या 'मजेत'मध्ये काय ऐकू आलं, देव जाणे. ती आमच्या भागातल्या चर्चला जाणारी. चर्चमधून गरजू घरांना धान्य देणं सुरू झालं होतं. तिने आम्हाला न विचारता आमचं नाव तिथे दिलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी दार वाजलं. तोंडाला रुमाल बांधलेले एक काका आणि त्यांच्यासोबत कॉलेजातला वाटावा असा मुलगा. काकांच्या हातात भरलेली पिशवी. "चर्चकडून थोडं धान्य आणलंय," ते म्हणाले.

मिस्टरांचा चेहरा उतरला. "आम्ही मागितलं नव्हतं. आमच्यापेक्षा गरजू पुष्कळ आहेत, त्यांना द्या."

तोपर्यंत त्या मुलाने सवयीने मोबाइल वर धरला होता. फोटो काढायला. माझ्यामागे उभ्या असलेल्या लेकीने पटकन तोंड भिंतीकडे फिरवलं. हे तिने केलं ते ह्यांनी पाहिलं आणि दार लावून घेतलं.

घरात कोणी कोणाशी बोललं नाही. लेक हळूच म्हणाली, "आई, तो फोटो वर्गाच्या ग्रुपवर आला असता तर?" सासूबाई देवापुढे बसल्या होत्या. मी स्वयंपाकघरात गेले. डब्यात जेमतेम तीन पोळ्यांचं पीठ होतं. माणसं चार.

मी पायात चपला अडकवल्या आणि जिना उतरून पळाले. ते दोघं कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी पोहोचले होते. मी धापा टाकत म्हटलं, "भाऊ, पिशवी द्या. फोटो माझा काढा. मुलीचा नको."

मुलाच्या हातात मोबाइल होता. त्याने तो खिशात घातला. "राहू दे, ताई," एवढंच म्हणाला. काकांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि दोघं निघून गेले. मी तिथेच उभी राहून रडले. उपकाराच्या ओझ्याने की सुटकेने, मला आजही नीट सांगता येणार नाही. रोज 22 जणांना जेवू घालणारी मी, आणि त्या संध्याकाळी माझ्या हातात दुसऱ्याने भरलेली पिशवी होती.

घरी पिशवी उघडली. गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा, मीठ. पिशवीवर चर्चचं नाव नव्हतं. आत कुठलं पत्रक नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण सासूबाईंनी आधी तेच शोधलं. त्या माळकरी. आळंदी आणि देहू आमच्यापासून फार लांब नाही. पालखीच्या दिवशी त्यांनी कधी घरी पाऊल ठेवलं नाही.

त्या रात्री हे दोनच पोळ्या खाऊन उठले. एरवी चार खायचे. मीही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी ते काका पुन्हा आले. या वेळी एकटे आणि रिकाम्या हाताने. कालच्या फोटोबद्दल माफी मागायला. सासूबाईंनी त्यांना दारातच विचारलं, "हे धान्य घेतलं म्हणून आम्हाला तुमच्या देवळात यावं लागेल का?"

काका हसले. "नाही, आजी. पण काही कमी पडलं तर तेवढं सांगा."

कमी पडलेलं होतंच. मी म्हटलं, "काका, राग मानू नका. गहू दिलात, पण दळणाला पैसे कुठून आणायचे? पीठ द्या. आणि हळद-तिखट नाही. नुसती डाळ कशी शिजवणार? तुमच्याकडे पिशव्या पुरुष मंडळी भरतात वाटतं!"

काका म्हणाले, "बरोबर ओळखलंत."

त्याच संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. मंडळीतले लोक जमेल तसे पैसे देत होते, पण कोणत्या घराला काय आणि किती लागतं, याचा हिशेब कोणाला जमत नव्हता. तुम्ही याल का, असं त्यांनी विचारलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "जा. फुकट घेतल्यासारखं तरी वाटणार नाही."

अशी मी आयुष्यात पहिल्यांदा चर्चच्या आवारात गेले. प्रार्थना बंद होत्या. उपासना मोबाइलवर व्हायची. बाक भिंतीला लावून ठेवलेले आणि मधल्या जागेत पोती. आम्ही पाच-सहा जण अंतर ठेवून बसायचो. मी पहिल्याच दिवशी एक वही मागितली. घरात माणसं किती? तान्हं बाळ आहे का? रेशन कार्ड कोणतं? गॅस आहे का संपलाय? एवढे चार प्रश्न प्रत्येक घराला विचारायचे ठरवले.

त्या चार प्रश्नांनी पुष्कळ काही बदललं. ज्यांचा गॅस संपला होता त्यांना डाळ-तांदूळ देऊन उपयोग नव्हता. त्यांच्या पिशवीत भिजवून खाता येतील असे पोहे, फुटाणे, गूळ गेला. बांधकामावरच्या परराज्यातल्या कुटुंबांचं कार्ड गावाकडे होतं. त्यांना इथलं रेशन मिळत नव्हतं, म्हणून त्यांना सगळंच लागायचं. मे महिन्यात राज्य सरकारने केशरी कार्डावरही धान्य सुरू केलं. गहू 8 रुपये, तांदूळ 12 रुपये किलो. माणशी 3 किलो गहू आणि 2 किलो तांदूळ. आमच्या चौघांचे 192 रुपये झाले. मग अशा घरांना आम्ही पीठ-तांदूळ न देता डाळ, तेल आणि मसाला द्यायला लागलो. वाचलेलं धान्य दुसऱ्या घरी गेलं. आणि हो, मी हळूच सॅनिटरी पॅडची पाकिटंही यादीत घातली. काका आधी लाजले, मग त्यांनीच मेडिकलवाल्याकडून ती कमी दरात आणली.

फोटो मात्र बंद झाले. हे सोपं नव्हतं. पैसे देणाऱ्यांना हिशेब हवा असतो, आणि तो मागणं चुकीचंही नाही. पाळकसाहेबांनी भरलेल्या पिशव्यांचे फोटो, दुकानाची बिलं आणि वहीतल्या घरांचा आकडा पाठवायला सुरुवात केली. एका देणगीदारांना ते पुरलं नाही. त्यांना माणसांच्या हातात पिशवी आणि मागे त्यांचा बॅनर हवा होता. त्यांनी मदत थांबवली.

दर आठवड्याला 60 पिशव्या जायच्या. त्या आठवड्यात हिशेब 45 वर आला. पाळकसाहेबांनी वही माझ्यासमोर ठेवली. मला घाम फुटला. 15 नावं कापायची होती. त्या 15 घरांना विचारलं असतं, तर फोटो काढा पण पिशवी द्या, असंच ती म्हणाली असती. मीही कोपऱ्यावर तेच म्हटलं होतं! माझ्या लेकीच्या तोंड फिरवण्याची किंमत ह्या लोकांनी का मोजायची, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. मी तो बोलूनही दाखवला.

पाळकसाहेब जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दुष्काळात धान्यासाठी धर्म बदललेले, असं आमच्या आजोबांना नगर जिल्ह्यात जन्मभर ऐकावं लागलं. खरं काय, खोटं काय, ते राहू द्या. पण घेतलेल्या अन्नाची आठवण लोक करून देतात तेव्हा कसं वाटतं, ते आमच्या घराला माहीत आहे. आपण कोणाला तसं आठवण करून देणारं काही ठेवायचं नाही."

1896-97 आणि 1899-1900चे ते दुष्काळ. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणून वाढवलं, हे मी शाळेत वाचलं होतं. त्या मदतीभोवती तेव्हाही किती वाद झाले, हे मात्र वाचलं नव्हतं. ज्याच्याकडे अन्न आहे आणि ज्याला भूक आहे, ते दोघं समोरासमोर आले की शंका येतेच. सासूबाईंनाही ती आलीच होती की.

शेवटी आम्ही नावं कापली नाहीत. प्रत्येक पिशवीतलं तेल एक लिटरचं अर्धा लिटर केलं, साखर कमी केली आणि 60 च्या 60 पिशव्या भरल्या. एका बाईने मला फोन करून विचारलं, "ताई, या वेळी तेल कमी का?" मी खरं कारण सांगितलं नाही. महागलंय, म्हटलं. ते मला आजही खटकतं. पुढच्या दोन आठवड्यांत मंडळीतल्या लोकांनी भर घातली आणि तेल पुन्हा एक लिटर झालं.

मग आषाढ आला. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. सासूबाई टीव्हीसमोर हात जोडून बसल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. 1 जुलैला एकादशी. त्या आठवड्याची आमची पिशवी मी घरी येऊन उघडली, तर तिच्यात मी न भरलेलं काहीतरी होतं. साबुदाणा आणि शेंगदाणे. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा कळलं, पाळकसाहेबांच्या मिसेसनी वही चाळून ज्या घरी उपास असेल असं वाटलं, त्या पिशव्यांत स्वतःच्या हाताने पुड्या ठेवल्या होत्या. सासूबाईंनी खिचडी केली आणि पहिली वाटी डब्यात भरून मला म्हणाल्या, "त्यांना देऊन ये. उपास नसला म्हणून काय झालं?"

शाळा पुन्हा नीट सुरू व्हायला पुढे दोनेक वर्षं गेली. मधल्या काळात ह्यांनी व्हॅनमधून भाजी विकली. माझे डबे हळूहळू परतले. आज 17 आहेत. आम्ही अजूनही आळंदीला जातो. चर्चला जात नाही आणि कोणी बोलावलंही नाही. नाताळला पाळकसाहेबांकडून केक येतो, दिवाळीला आमच्याकडून चकली जाते.

चर्चमधलं धान्याचं कपाट मात्र चालू आहे. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरचं माणूस दवाखान्यात आहे, अशा घरांसाठी. दर महिन्याला माझी 2 किलो डाळ तिथे जाते. पिशव्या पोहोचवायला कधीकधी व्हॅन लागते, तेव्हा हे जातात. मी एकदाच त्यांच्यासोबत गेले होते. मी गाडीतच बसले होते. ह्यांनी जिना चढून दारापाशी पिशवी ठेवली, बेल वाजवली आणि दार उघडायच्या आत दोन पायऱ्या खाली उतरून पाठ करून उभे राहिले.

दार उघडल्याचा आवाज आला. पिशवी आत गेली. दार लागलं. मग हे खाली आले आणि गाडी सुरू केली.