अर्धी शंका

जळोची आता बारामती नगरपरिषदेत आहे. तरी आमच्या गल्लीतली म्हातारी माणसे अजून 'बारामतीला जाऊन येतो' असेच म्हणतात. मी रोज इथून उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवायला जाते. घरात दखनी, शाळेत उर्दू आणि बाजारात व सरकारी कागदावर मराठी, अशा तीन भाषांत माझा दिवस जातो. एकच बातमी या तीन भाषांतून माझ्यापर्यंत येते, तेव्हा तिची रूपेही तीन झालेली असतात. त्यांतले खरे कोणते, हा प्रश्न २०१८ च्या हिवाळ्यात माझ्या दारात येऊन उभा राहिला.

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला एक टोचणी. आधी गोवराची लस घेतलेली असली तरी ही घ्यायचीच. सुरुवात शाळांपासून, नंतर अंगणवाड्या आणि वस्त्या. वर्गशिक्षिका म्हणून पालकांना समजावण्याचे काम माझ्याकडे आले. पालकांना द्यायची सूचना मराठीत होती. माझ्या वर्गातल्या बऱ्याच आया मराठी फर्डे बोलतात, पण वाचतात उर्दू. मी रात्री बसून त्या सूचनेचे उर्दू केले, स्वतःच्या हाताने लिहून झेरॉक्स काढल्या आणि मुलांच्या दप्तरांत घातल्या.

माझ्या कागदाच्या आधी मोबाईल घरोघरी पोहोचला होता. त्यात एका माणसाचा आवाज होता. ही सुई घेतली की आमच्या मुलांना पुढे औलाद होणार नाही, असे तो सांगत होता. त्याचे नाव नाही, गाव नाही. पण सुरुवात सलामाने, बोली आमची आणि शेवटी 'सवाब समझ के आगे भेजो.' माझा कागद सरकारी वाटत होता आणि तो आवाज घरचा.

टोचणीच्या दिवशी माझ्या वर्गातल्या बेचाळीस मुलांपैकी सतरा आली. त्यांतल्याही काहींच्या आया मागोमाग फाटकाशी आल्या. एक म्हणाली, "नाव काटो स्कूल से, पन सुई नको." परिचारिका डबा उघडून बसलेल्या, मुख्याध्यापक फोनवर, आणि मी फाटकाशी हात जोडून उभी. तेवढ्यात एका बाईने मला बाजूला घेतले. तिची मुलगी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. ती हळूच म्हणाली, "आपा, एक बात पूछूं? तुमारी बेटी कू दिये क्या?"

मी म्हणाले, "हो, दिली."

ते खोटे होते. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. तिच्या अंगणवाडीची पाळी अजून यायची होती, हे कारण मला देता आले असते. पण पाळी आली तरी 'बघू, थोडे थांबू' असे मी मनात ठरवून टाकले होते, आणि हे मी नवऱ्यालाही सांगितले नव्हते. बी.एड. झालेली, रोगजंतू आणि लस यांचा धडा फळ्यावर शिकवणारी मी, तो आवाज तीनदा ऐकून बसले होते.

हे असे का झाले, याचा विचार करताना मला माझी नानी आठवते. माझे आजोळ बार्शीचे. जानेवारी १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, बार्शीत दहा दिवसांत एक हजार नसबंदी शस्त्रक्रियांचे लक्ष्य ठरवले गेले. पहिल्या दिवसांत कोणी आपणहून पुढे येईना, तेव्हा रस्त्यांवरून ट्रक फिरवून माणसे उचलली गेली. बाजाराला आलेले शेतकरीही त्यांत सापडले. नाना त्या दिवसांत रात्री रानात जाऊन झोपत. नानी हे सांगताना आवाज खाली आणायची, जणू ट्रक अजून कोपऱ्यावर उभा आहे. तिचे एक वाक्य आम्हा सगळ्या नातवंडांना पाठ होते, "सरकार का फुकट का कुछ नको लेना."

ही नुसती म्हातारीची भीती नव्हती. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. नोव्हेंबर १९७६ मध्ये हरियाणातल्या उटावड या मेवाती मुसलमानांच्या गावाला पोलिसांनी रात्री वेढा घातला आणि पुरुषांना नसबंदीसाठी नेले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही, आणि सगळ्यांत जास्त गरीब होते. बार्शीच्या ट्रकने कोणाची जात-धर्म विचारला नव्हता.

दूरचेही एक उदाहरण आहे. २०११ मध्ये पाकिस्तानातल्या ॲबटाबाद शहरात बिन लादेनचा ठावठिकाणा काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने एका डॉक्टरमार्फत कावीळ-ब च्या लसीकरणाचे सोंग उभे केले. ते उघड झाल्यावर पोलिओचे थेंब पाजणाऱ्या बायाबापड्यांवर तिकडे गोळ्या झाडल्या गेल्या. लसीकरणाच्या मोहिमा हेरगिरीला वापरणार नाही, असे वचन अमेरिकेला २०१४ मध्ये द्यावे लागले. म्हणजे लसीच्या नावाखाली दुसरेच काही चालते, ही शंका हवेतून आलेली नाही. कोणीतरी तसे खरोखर केले आहे.

म्हणून आमच्या मोहल्ल्याला कोणी अडाणी म्हटले की मला राग येतो. अविश्वास हा आमच्या घरातला जुना दागिना आहे. तो आजीने आईला दिला, आईने मला. त्याची किंमत देऊन झालेली आहे.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही, ती माझ्या खोटेपणामुळे. उठून मी पुन्हा तो आवाज ऐकला आणि पहिल्यांदाच माझ्या मनात आले की सरकारवर मी एवढी शंका घेते, या माणसावर का घेत नाही? हदीस गोळा करणाऱ्या आमच्या बुजुर्गांनी काय केले होते? एकेका वाक्यासाठी सांगणाऱ्यांची साखळी तपासली. रावी कोण, त्याने ऐकले कोणाकडून, तो खरे बोलणारा होता का, दोघांची भेट तरी झाली होती का, हे सारे पाहिले. एक कडी कच्ची निघाली तर ती रिवायत बाजूला ठेवली. ज्यांच्या घरी बातमी पारखण्याची एवढी मोठी विद्या आहे, त्यांनी बिननावाचा आवाज सवाब समजून पुढे पाठवावा? या आवाजाला तर रावीच नव्हता. माझी शंका अर्धी होती. ती सरकारच्या दारापर्यंत जायची आणि मोबाईलच्या दारातून परत यायची.

अर्धी शंका काय करते, हे आपण त्याच वर्षी पाहिले होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा मोबाईलवरूनच पसरल्या होत्या. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा भारतासाठी आणली. पण आमच्या गल्लीत पाच ठिकाणे म्हणजे पाच घरे, आणि पाच घरे म्हणजे सगळी गल्ली.

दुसऱ्या दिवसापासून मी विचारायला लागले. ओळखीच्या डॉक्टरांना विचारले, परिचारिकेला विचारले, मिळेल ते वाचले. ही लस पुण्यात हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. बारामतीहून पुण्याला जाताना हडपसर आम्हाला रोजचेच. हीच कुपी इंग्रजी शाळेतल्या मुलांना, साहेबांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मुलांना दिली जात होती. आणि सगळ्यांत हलवून टाकणारी गोष्ट रुबेलाची. हा आजार मुलांना किरकोळ त्रास देतो, पण गरोदर बाईला पहिल्या महिन्यांत झाला तर गर्भ पडतो, किंवा बाळ बहिरे, मोतीबिंदूचे, हृदयात दोष असलेले जन्मते. म्हणजे जी लस आमच्या मुलींची कूस सांभाळायला होती, तिच्यावर कूस उजाड करण्याचा आळ होता.

अंगणवाडीची पाळी आली तेव्हा मी त्या बाईच्या घरी गेले. म्हटले, "उस दिन मैं झूट बोली. आज बेटी कू लेके जा रही हूं. तुम भी चलो, देखो." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मालूम था आपा. तुम नीचे देख के बोले थे."

ती आली. माझी मुलगी रडली, तिने माझा पदर ओढला, आणि पाच मिनिटांनी बिस्किट खायला लागली. त्या बाईने त्या दिवशी काही केले नाही. आठवड्याने तिने स्वतःच्या मुलीला आणले, आणखी तीन घरांतली मुले तिच्याबरोबर होती. मोहीम संपली तेव्हा माझ्या वर्गातली तेहतीस मुले झाली होती. नऊ राहिली. त्या नऊंचे ओझे मी आजही बाळगते, कारण पहिल्या दिवशी खरे बोलले असते तर ती कदाचित कमी झाली असती.

पुढे २०२० मध्ये करोना आला. तबलीगी जमातीच्या लोकांनी रोग मुद्दाम पसरवला, असे दूरदर्शनच्या वाहिन्यांवरून दिवसरात्र ओरडले जात होते. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातीच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे म्हटले. पण वाहिन्यांच्या ओरडण्यापुढे या निकालाचा आवाज किती जणांच्या कानी गेला? नानीच्या दागिन्यात आणखी एक मणी ओवला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुस्लिम वस्त्यांत लसीसाठी सलमान खानची मदत घेऊ, असे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले, तेव्हा मला हसू आले. आमच्या बायकांना सिनेमातला माणूस नको होता. 'तुमच्या बेटीला दिली का?' या प्रश्नाला डोळ्यात डोळा घालून उत्तर देणारे माणूस हवे होते.

करोनाच्या दोन वर्षांत नेहमीच्या टोचण्या मागे पडल्या, काही घरांनी भीतीने टाळल्या. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, तसेच भिवंडी, मालेगावला गोवर उसळला. मुंबई परिसरात दहाहून अधिक लेकरे दगावली. माझी धाकटी बहीण गोवंडीत दिलेली. तिचा मुलगा तेव्हा सात महिन्यांचा. गोवराची पहिली लस नऊ महिने पुरे झाल्यावर देतात, म्हणजे त्याची पाळीच आली नव्हती. त्याला गोवर शेजारच्या मोठ्या मुलाकडून आला, ज्याला घरच्यांनी लस दिली नव्हती. सहा दिवस तो प्राणवायूवर होता. अल्लाहच्या मेहेरबानीने वाचला. बहीण फोनवर म्हणाली, "आपा, उन का डर हमारे घर आया." दुसऱ्याच्या भीतीची किंमत असे लहान बाळ देते, हे मला कोणत्याही पुस्तकाने इतके स्वच्छ शिकवले नव्हते.

आता माझ्या वर्गात दर जुम्म्याच्या आदल्या दिवशी अर्धा तास मुले घरी आलेला एकेक संदेश आणतात आणि आम्ही तो पारखतो. कोण बोलतो? त्याला कोणी सांगितले? केव्हाची गोष्ट आहे? खोटे निघाले तर तो माणूस सापडेल का? हेच प्रश्न सरकारी सूचनेलाही विचारायचे, हा आमचा नियम आहे. गेल्या महिन्यात एका मुलाने शाळेची सूचना आणली आणि म्हणाला, "आपा, यावर सही कोणाची आहे ते वाचताच येत नाही." मी ती मुख्याध्यापकांकडे परत नेली.

नानी आता नाही. ती असती तर तिला मी सांगितले असते, तुझी शंका मी टाकली नाही. फक्त तिचा उरलेला अर्धा भाग शोधून आणला.