भिलाईचा हुंकारा

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव मागे टाकीत दुर्गला पोचते. त्याला लागूनच भिलाई. सोव्हिएत मदतीनं उभारलेल्या इथल्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते 1959 साली झालं. सरळ रस्ते, सेक्टरांच्या वसाहती आणि नोकरीच्या निमित्तानं देशभरातून आलेली माणसं, असं हे गाव.

पण लोखंडाच्या या गावाचा आवाज सातासमुद्रापार नेला तो तीजनबाईंनी. भिलाईपासून 14 किलोमीटरवरचं गनियारी हे त्यांचं गाव. आईचे वडील ब्रजलाल महाभारत गात, ते ऐकून ऐकूनच त्यांना पाठ झालं. त्या काळी बायकांनी पंडवानी गायची ती बसून. उभं राहून, अभिनय करीत गायची कापालिक शैली पुरुषांची. तेराव्या वर्षी तीजनबाई उभ्या राहिल्या! बिदागी मिळाली 10 रुपये. समाजानं वाळीत टाकलं. वेगळी झोपडी बांधून त्या एकट्या राहिल्या, पण गाणं सोडलं नाही.

पुढं हबीब तन्वीर यांनी त्यांचे गुण हेरले. पोलाद कारखान्यात नोकरी मिळाली. फ्रान्स, जर्मनी, मॉरिशस असे कितीतरी देश झाले. तिथं छत्तीसगढी कुणाला कळणार? पण हातातला तंबुरा खांद्यावर गेला, की ती भीमाची गदा होई, आणि ते मात्र सगळ्यांना कळे.

परक्या मुलखात जाऊन गावंसं का वाटतं? वेल्समधल्या लँगोलन गावी 1947 पासून देशोदेशीचे गायकवृंद स्पर्धेला येतात. महायुद्धानं दुरावलेली मनं गाण्यानं जुळावीत, हा तिथला मूळ हेतू. 2010 साली चीनमधल्या शाओशिंगच्या जागतिक स्पर्धेत आपल्या शिलाँगच्या वृंदानं सुवर्णपदकं मिळवली. गंमत म्हणजे या स्पर्धेत गुणांनुसार एकाच वेळी अनेकांना सुवर्णपदक मिळू शकतं. म्हणजे दुसऱ्याला हरवणं हेच काही सर्वस्व नव्हे.

मग ओढ कशाची? मला वाटतं, याचं उत्तर पंडवानीतच आहे. गायकाशेजारी एक ‘रागी’ असतो. कथेच्या वळणावळणावर तो हुंकारा देतो, मध्येच ‘पुढं काय झालं?’ म्हणून विचारतो. गाणाऱ्याला हवा असतो तो हा हुंकारा. ओळखीपाळखीची माणसं कौतुक करतात, तशी नावंही ठेवतात. अनोळखी माणसाचा हुंकारा मात्र निव्वळ गाण्याला असतो.

2019 साली तीजनबाईंना पद्मविभूषण मिळालं. एके काळी आपल्याच माणसांनी नाकारलेला हुंकारा त्यांना साऱ्या जगानं दिला. आता भिलाईच्या स्टेशनात गाडी शिरते तेव्हा कारखान्याच्या धुरांड्यांबरोबर मला तो तंबुराही आठवतो.