कारणाचा रकाना

निवृत्तीनंतर कोणी बागकाम करतं, कोणी अध्यात्माकडे वळतं. मी पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर नातवाकडून पायथन ही संगणकाची भाषा शिकते आहे. बी.ए. मराठी माध्यमातून, जन्म गेला इतिहास आणि मराठी शिकवण्यात. तेव्हा वाचकहो, तांत्रिक प्रवचनाची धास्ती नको. आज लिहायचं आहे ते संगणकाच्या चुकांच्या क्रमांकांबद्दल.

आपला प्रोग्राम स्वतः फाइल उघडत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे अर्ज करतो. काम झालं नाही तर कारण म्हणून एक आकडा मिळतो. युनिक्सच्या घराण्यात २ म्हणजे अशी फाइल किंवा फोल्डर नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, २८ म्हणजे डिस्कवर जागा उरली नाही. २५ची मोठी गंमत. पूर्वी त्याचा संदेश होता, 'हा टाइपरायटर नव्हे'! त्या काळी संगणकाशी बोलायचं ते टेलिटाइप यंत्रावरून, त्याची ही खूण.

सी भाषेत हा आकडा 'एरनो' नावाच्या जागेत ठेवतात. त्याची एक खोड आहे. पुढचं काम यशस्वी झालं तरी जुना आकडा आपोआप पुसला जात नाही. म्हणून आधी काम फसलं का ते पाहायचं, मगच आकडा वाचायचा. आणि तोही लगेच, कारण मध्ये दुसरं काही करायला गेलो तर तो बदलू शकतो.

शिवाय आकडे सगळीकडे सारखे नसतात. 'आत्ता जमत नाही, पुन्हा प्रयत्न करा' यासाठी लिनक्सवर साधारणपणे ११, तर मॅकवर ३५. म्हणून लायब्ररी दुभाष्याचं काम करते. पायथनच्या ३.३ आवृत्तीपासून (२०१२) अशा चुकांना 'फाइलनॉटफाउंडएरर', 'परमिशनएरर' अशी सरळ नावं मिळाली. १ आणि १३ हे दोन्ही आकडे 'परमिशनएरर'मध्येच येतात. पण नाव दिलं म्हणून मूळ आकडा फेकून दिलेला नाही, तो आत जपून ठेवलेला असतो. मला हे फार आवडलं.

याचं कारण आमचं शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना असे आणि वर्षानुवर्षं त्यात एकच मजकूर, 'पालकांच्या विनंतीवरून'. कोणाच्या वडिलांची बदली झालेली, कोणी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलं, सातवीतल्या एका हुशार मुलीचं लग्न ठरलेलं. तिघांचं कारण एकच. ते खोटं नव्हतं, पण त्यावरून कोणाला काही करता आलं नसतं. बदलीवाल्याला दाखला पुरेसा होता. ऊसतोडीच्या मुलाला हंगामभर गावात राहण्याची सोय हवी होती. आणि त्या मुलीच्या घरी त्याच संध्याकाळी कोणीतरी जायला हवं होतं. वर्गशिक्षिका म्हणून मी खरं कारण माझ्या वहीत टिपत असे. त्या वहीच्या आधारावर दोन-तीन मुलं परत वर्गात आणता आली. त्या मुलीच्या घरीही जाऊन आले. ती मात्र आली नाही.

नातू सांगतो, 'आजी, पुष्कळ प्रोग्राममध्ये कुठलीही चूक आली तरी गप्प राहा, अशी ओळ लिहिलेली असते. प्रोग्राम बंद पडत नाही, लोक खूश!' बंद पडत नाही हे खरंच. पण फाइल नाही की परवानगी नाही की डिस्क भरली, हे कोणालाच कळत नाही. फाइल नसेल तर नवी बनवता येते, डिस्क भरली तर जागा मोकळी करता येते, 'पुन्हा प्रयत्न करा' असेल तर थोडं थांबता येतं. प्रत्येक आकड्याला इलाज वेगळा.

माझ्या छोट्याशा प्रोग्राममध्ये मी एवढंच पाळते. जिच्यावर मला इलाज करता येतो तेवढीच चूक मी पकडते. बाकीची तिच्या आकड्यासकट वर जाऊ देते. वर कोणीतरी वाचणारं असेल.